पालवणकर बाळू : मैदानातून राजकारणाकडे

भारतीय क्रिकेटमधील पहिले थोर फिरकी गोलंदाज म्हणून गणले जाणारे पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करी सेवेत असल्याने त्यांचे बालपण पुण्यात गेले. तेथील पारशी क्लबमध्ये खेळपट्टीची निगा राखता राखता त्यांनी चेंडू हाती घेतला. पुढे पूना क्लबमध्ये दरमहा चार रुपयांवर काम करताना इंग्रज फलंदाजांना सराव देऊन त्यांची डावखुरी फिरकी घडत गेली.

त्यांच्या गुणवत्तेमुळे पुण्यातील हिंदू संघाने त्यांना सामावून घेतले. मात्र मैदानावर बरोबरीने खेळणाऱ्या या गोलंदाजाला चहा बाहेर, मातीच्या भांड्यातून दिला जाई आणि जेवणासाठी त्यांना वेगळे बसवले जाई. प्लेगच्या साथीनंतर ते मुंबईस आले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघावर १०९ धावांनी मिळवलेल्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकर त्यांच्या चाहत्यांपैकी एक होते.

संघाचे कर्णधारपद मात्र जातीमुळे त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० साली त्यांना वगळण्यात आले, तेव्हा त्यांच्या भावांनी निषेध म्हणून माघार घेतली. अखेर बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले.

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक कार्यात उतरले. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर त्यांचा कौल एम. सी. राजा आणि गांधीजींच्या बाजूने होता. १९३२ च्या पुणे करारावर ज्यांच्या सह्या झाल्या, त्यांत डॉ. आंबेडकरांप्रमाणेच बाळूही होते. त्यानंतर हिंदू महासभेतर्फे त्यांनी मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली. पण त्यांना यश आले नाही. १९३७ साली काँग्रेसने प्रांतिक कायदेमंडळासाठी त्यांना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५, तर बाळूंना ११,२२५ मते मिळाली.

४ जुलै १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या समाजाने त्यांच्यात आपला पहिला नायक पाहिला, त्याच समाजाच्या नेतृत्वासाठीच्या लढतीत त्यांना पराभव पत्करावा लागला. परंतु जन्माने नाकारलेली जागा गुणांनी मिळवता येते, हे त्यांनी राजकारणात येण्याच्या कितीतरी आधी मैदानावर सिद्ध केले होते.