मातुःश्री लक्ष्मीबाई टिळक

लातूर, उदगीर, नांदेड या बाजूच्या खेड्यांतून फिरताना संध्याकाळच्या भजनास बसले की टाळमृदंगावर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एखादे पद हटकून निघते. उपासना संगीतातील त्यांची पदे आमच्या मंडळ्यांतील म्हाताऱ्याकोताऱ्यांसही मुखोद्गत आहेत. परंतु ज्या माउलीने या कवीचा संसार ओढला, तिची ओळख आमच्या खेड्यांतील भगिनींस फारशी नाही असे आढळून येते. ती ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरानजीक जलालपूर या गावी गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांच्या वडिलांस सोवळ्याओवळ्याचे इतके वेड होते की घरात आलेले मीठसाखरसुद्धा धुतल्याशिवाय वापरीत नसत. विटाळाच्या भयाने सारे घर सदा धास्तावलेले. पुढे वृद्धपणी हे सर्व बाईंनी लिहिले, तेव्हा वाचणाऱ्यास हसू आवरत नाही. पण ज्या मुलीने ते सोशिले तिला त्या वेळी हसू आले नसेल. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह टिळकांशी झाला. सासरे कडक, नवरा कवी आणि फिरस्ता. आज या गावी शिक्षक, तर उद्या दुसऱ्या गावी कीर्तनकार. पैका हाती आला तर तो घरी पोहोचेलच याची शाश्वती नसे. शाळेत जाणे बाईंच्या नशिबी नव्हतेच. लिहिणेवाचणे झाले ते लग्नानंतर, पतीच्या हाताखाली. मुले झाली, त्यांतील काही लहानपणीच गेली. दत्तू, म्हणजे पुढे देवदत्त नारायण टिळक म्हणून प्रसिद्धीस आले ते, तेवढे हाती लागले.

पुढे १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. या गोष्टीचे वर्णन आमच्या उपदेशकांच्या तोंडून आम्ही पुष्कळदा ऐकिले आहे. पण ते वर्णन करणारा बहुधा मुंबईसच थांबतो. जलालपुरास जात नाही. तिकडे सव्वीस वर्षांच्या बाईवर आकाश कोसळले होते. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. कपाळी कुंकू आहे, पण संसार नाही. कडेवर पोर आहे, पण त्याला बाप दाखविता येत नाही. लोक येत, ते सांत्वनास की पाहण्यास हे कळू नये. दुःखाने बाईंची प्रकृती ढासळली, मनाचा तोल जातो की काय असे जवळच्यांस वाटू लागले. नातलगांनी त्यांस पंढरपुरास नेऊन ठेविले. चार-पाच वर्षे अशी गेली. या ताटातुटीतच त्यांच्या मुखी पहिल्याने कविता आली. पतीने लिहावयास शिकविले ते पतीच्या वियोगात उपयोगी पडले.

येथे आम्हांस थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. टिळक मोठे भक्त होते, यात संशय नाही. तथापि पत्नीस पूर्ण विश्वासात न घेता त्यांनी हे पाऊल टाकिले, त्याची झळ तिला सोसावी लागली. आमच्या खेड्यांतही असे घडते. पुरुष तळ्यावर किंवा ओढ्यावर जाऊन बाप्तिस्मा घेतो, आणि बायको पोरे घेऊन माहेरी निघून जाते. मग पंचाईत बसते. कित्येक वेळा आम्ही पाळक लोक त्या बाईस हट्टी, अज्ञानी ठरवून मोकळे होतो. तिच्या मनात काय चालले आहे हे विचारण्यास किती जण तिच्या माहेरच्या ओसरीवर जाऊन बसतात? आम्ही स्वतः पूर्वी बसलो नाही. लक्ष्मीबाईंचे चरित्र वाचल्यावर मात्र जाऊ लागलो.

अखेर पतिपत्नींची पुन्हा गाठ पडली. ती कशी पडली हे ध्यानात घेण्याजोगे आहे. बाई आल्या त्या ख्रिस्ती होण्यास आल्या नाहीत. नवऱ्याजवळ राहण्यास आल्या. अहमदनगरास येऊनही त्यांनी आपली चूल वेगळी ठेविली, सोवळे पाळिले, देवपूजा सोडिली नाही. एकाच छपराखाली दोन धर्म नांदू लागले. टिळक मुळात तापट, शीघ्रकोपी. पण या एका बाबतीत त्यांनी धीर धरिला आणि पत्नीवर सक्ती केली नाही. पूर्वीच्या चुकीची ही त्यांनी केलेली भरपाई असे आम्ही समजतो.

बाईंचे मन पालटले ते उपदेशाने नव्हे, वादविवादाने तर मुळीच नव्हे. राहुरीस असता जातिभेदाचा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. देवाने पशुपक्ष्यांच्या निरनिराळ्या जाती केल्या, हे डोळ्यांस दिसते. पण माणसांत त्याने स्त्री आणि पुरुष याहून वेगळे काय केले? मग हा विटाळ आला कोठून? मीठ धुणाऱ्या बापाच्या लेकीने हा प्रश्न स्वतःस विचारावा, यातच सर्व आले. एकदा उत्तर सापडल्यावर त्या थांबल्या नाहीत. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्यांनी आरंभ केला, आणि तेही बाप्तिस्म्याच्या आधी. प्रथम माणसाचा विटाळ गेला, मग प्रभूकडे जाण्याची वाट मोकळी झाली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आमच्या मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या पंगतीत बसून मनात जात बाळगणारे अजून आहेत. त्यांच्याकरिता येथे अधिक लिहीत नाही. ज्याचे त्याला कळते.

ते दिवस मोठ्या दुष्काळाचे होते, आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग. पोरकी झालेली मुले ज्याच्या दारी येत, त्याने त्यांस पोटाशी धरावे असा तो काळ. टिळकांच्या घरी लक्ष्मीबाईंच्या पदराखाली अशी कितीतरी लेकरे वाढली. घरात दाणा असो वा नसो, टिळक आणखी एखाद्यास हात धरून आणीत, आणि बाई प्रथम रागावून मग त्याच्यापुढे ताट वाढीत. प्लेगच्या रोग्यांच्या छावणीतही त्या राहिल्या व आजाऱ्यांची सेवा केली. पूर्वी ज्यांच्या सावलीने स्नान करावे लागे, त्यांची अंगे त्यांनी पुशिली.

या आईच्या मुलांमध्ये एकाचे नाव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवी, तरुणपणी नगरास टिळकांच्या घरी येऊन राहिले. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. लक्ष्मीबाईंच्या मायेस त्याने उणेपणा आला नाही. रुसणारा, हळवा, आईवेडा असा तो मुलगा त्यांच्या घरात लेकासारखा वावरला. १९१८ च्या मे महिन्यात खानदेशात भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून त्याचा अंत झाला, तेव्हा वय अवघे सत्तावीस. पुढील वर्षी ९ मे १९१९ रोजी टिळकही मुंबईस प्रभूकडे गेले. लागोपाठच्या दोन मे महिन्यांत बाईंनी लेकासारखा मुलगा आणि पती गमाविले. त्याआधी १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास घेतला होता, म्हणजे संसाराची घडी पुन्हा एकदा विस्कटलीच होती. संन्याशाच्या बायकोने चूल कशी पेटवावी, हे संन्यासाच्या स्तुतीत कोणी लिहीत नाही.

वैधव्यात त्यांनी मुंबईस मुलींच्या वसतिगृहाची देखरेख केली; पुढे मुलाबरोबर कराचीसही राहिल्या. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर ख्रिस्तायन नावाचे ओवीबद्ध काव्य आरंभिले होते, ते थोड्याच अध्यायांवर थांबले होते. ते पुरे करण्यास विद्वान पुष्कळ होते. केले ते शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने. त्यांनी चौसष्ट अध्याय रचिले.

देवदत्तांच्या मनात वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यांनी आईस आठवणी लिहून देण्यास सांगितले, आणि त्यातून स्मृतिचित्रे हा ग्रंथ झाला. १९३४ पासून तो भागशः छापला गेला. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते, व त्याची इंग्रजी भाषांतरेही झाली आहेत. आम्हांस तो प्रिय आहे तो निराळ्या कारणाने. बाईंनी पतीस देवदूत करून दाखविले नाही. त्यांचा राग, त्यांचा विसराळूपणा, घरातील भांडणे, आणि स्वतःचे वेडेपण, सर्व जसेच्या तसे लिहिले, आणि तरी प्रत्येक पानावर प्रीती दिसते. भगिनींनो, तुमच्या मंडळीत वाचता येणारी एखादी मुलगी असेल, तर तिच्याकडून हे पुस्तक रात्री थोडेथोडे वाचून घ्या. भाषा तुमच्याच ओसरीवरची आहे. कोशाची गरज पडणार नाही.

आठवणी संपूर्ण होण्यापूर्वीच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, लक्ष्मीबाई नाशिक येथे निवर्तल्या. पतीचे अपुरे राहिलेले काव्य त्यांनी पुरे केले होते. त्यांच्या आठवणींचा अपुरा राहिलेला शेवट त्यांच्या दत्तूने लिहून पुरा केला.