ज्यांच्या चिठ्ठीवर शेअर मिळायचे, ते प्रेमचंद रायचंद बुडाले तेव्हा अख्खी मुंबई सोबत बुडाली होती

डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडलेल्या माणसाला विंडो सीट मिळो न मिळो, मोबाईलवर शेअरचं ॲप उघडायला जागा पुरते. ठाणं येईपर्यंत डब्यात तेच ते प्रश्न ऐकू येतात. अमका आयपीओ भरला का? लागेल का? ऑफिसातल्या एकाने टिप दिलीय, पक्की असेल का? पडलेला शेअर अजून घेऊन ॲव्हरेज करू का? थोडं पर्सनल लोन काढून घातलं तर?

गंमत म्हणजे हे सगळे प्रश्न मुंबईत १८६४ सालीही विचारले जात होते. तेव्हा मोबाईल नव्हता, सेबी नव्हती, स्टॉक एक्स्चेंजची इमारतही नव्हती. पण या सगळ्या प्रश्नांना लोकांकडे एकच उत्तर होतं, ते म्हणजे प्रेमचंद रायचंद.

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ सालचा, सुरतचा. वडील व्यापारी, घराणं जैन. पोरगं लहान असतानाच कुटुंब मुंबईला आलं. प्रेमचंद एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि इंग्रजी लिहू-बोलू लागले. आज यात काही विशेष वाटणार नाही, पण त्या काळी मुंबईच्या देशी दलालांमध्ये इंग्रजी येणारे ते पहिलेच असं मानलं जातं. साहेबाशी थेट बोलता येणं, त्याची पत्रं स्वतः वाचता येणं, हेच त्यांचं भांडवल होतं. १८४९ च्या सुमारास त्यांनी एका दलालाच्या हाताखाली काम सुरू केलं. तेव्हा शेअरचे दलाल म्हणजे टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली जमणारी मूठभर माणसं. आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे, तोच हा परिसर. १८६० पर्यंत दलालांची संख्या ६० च्या घरात गेली आणि त्यांचे पुढारी होते अवघ्या तिशीच्या आतले प्रेमचंद.

आणि मग अमेरिकेत युद्ध पेटलं.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेची उत्तर आणि दक्षिण राज्यं एकमेकांवर तुटून पडली. दक्षिणेतला कापूस बंदरातच अडकला. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या त्याच कापसावर चालायच्या. त्यांना आता एकच मोठा पर्याय उरला, हिंदुस्थानचा कापूस. आणि तो बाहेर पडायचा मुख्यतः मुंबई बंदरातून.

इथे आपलं कल्याण येतं. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ ला धावली, १८५४ ला ती कल्याणला पोचली. तिथून पुढे रुळांना दोन फाटे फुटले. एक कसाऱ्याकडे, तो १८६१ ला पूर्ण झाला आणि १ जानेवारी १८६५ ला थळ घाट चढून इगतपुरीला गेला. दुसरा कर्जतकडून बोरघाट चढून १८६३ ला पुण्याच्या मार्गाला जोडला गेला. घाटावरचा कापूस बैलगाड्यांनी रेल्वेपर्यंत आणि तिथून कल्याण, ठाण्यावरून मुंबईत उतरू लागला. सुरत-भडोच बाजूचा माल वेगळाच. कापसाला इतका भाव आला की लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकल्याचे आणि शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीचे पट्टे ठोकल्याचे किस्से तेव्हापासून सांगितले जातात. किस्से सोडा, पण युद्धाच्या चार-पाच वर्षांत मुंबईला कापसापोटी नेहमीपेक्षा सात-आठ कोटी पौंड जास्त मिळाले असा अंदाज आहे.

एवढा पैसा ठेवायचा कुठे? सोनं-चांदी घेऊन झालं, घरं घेऊन झाली. मग लोक कंपन्या काढू लागले.

१ जानेवारी १८६५ ला मुंबईत ३१ बँका होत्या. १६ फायनान्स कंपन्या, २० विमा कंपन्या, १० जहाज कंपन्या, कापसाच्या गाठी बांधणाऱ्या १६ प्रेस कंपन्या आणि ८ लँड कंपन्या. यातल्या कित्येकांचं काम काय, हे शेअर घेणाऱ्याला माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायची गरजही वाटत नव्हती. शेअर मिळाला की वरच्या भावाने विकायचा, संपलं. लिस्टिंग गेनसाठी आयपीओ भरणाऱ्यांना हा हिशोब वेगळा समजावून सांगायला नको.

प्रेमचंद या सगळ्याच्या मध्यभागी होते. एशियाटिक बँक त्यांनीच उभी केली. नवी कंपनी निघाली की तिचे शेअर कोणाला द्यायचे, यावर त्यांचा शब्द चालायचा. त्यामुळे सकाळी त्यांच्या घरासमोर गर्दी व्हायची. व्यापारी, वकील, सरकारी नोकर, साहेब लोकसुद्धा. प्रेमचंद यांच्या हातची चिठ्ठी मिळाली म्हणजे पैसे मिळाल्यातच जमा. ज्या कंपनीत प्रेमचंद, ती चांगली. लोकांचा अभ्यास इथेच संपायचा.

सगळ्यात मोठी हवा झाली बॅक बे रेक्लमेशन कंपनीची. समुद्रात भराव घालायचा आणि जमीन विकायची, अशी योजना. कल्पना वेडगळ नव्हती, मुंबईला जागा हवीच होती. पण जमीन वर यायच्या आत शेअर वर गेला. ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या आसपास पोचला. म्हणजे समुद्राच्या तळाला लोक दहापट भाव देत होते. शेवटी कंपनी बुडाली, भराव घातलेली पट्टी सरकारकडे गेली आणि पुढे चर्चगेटच्या बाजूच्या रेल्वेच्या कामी आली.

आता खरा विषय. हे शेअर लोक घेत कशाच्या जोरावर होते?

पहिला जोर उधारीचा. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचा सहभाग असलेली, १८४० सालची भारदस्त बँक. १८६३ च्या कायद्याने तिच्यावरची बंधनं सैल झाली आणि शेअर तारण ठेवून कर्ज देता येऊ लागलं. प्रेमचंद यांचं बँकेच्या कारभाऱ्यांवर इतकं वजन होतं, की त्यांनी शब्द टाकला की कर्ज निघायचं. त्या कर्जातून शेअर घ्यायचे, भाव चढला की तेच शेअर तारण ठेवून आणखी कर्ज काढायचं. तारण म्हणून ठेवलेल्या कागदाची किंमत बँकेच्याच पैशाने वाढत होती.

दुसरा जोर वायद्याचा. समजा, एका कारकुनाकडे ५०० रुपये आहेत. त्याने ५०,००० चा शेअर आज घ्यायचा सौदा केला, पण पैसे द्यायचे सहा महिन्यांनी. तोवर भाव ५५,००० झाला, तर मधले ५,००० त्याचे, खिशातून दमडी न देता. आणि भाव ४५,००० झाला तर? ५,००० द्यायचे, जे त्याच्याकडे नाहीत. पण त्याने घेतलेला शेअर ज्याने विकला, त्याने त्या पैशाच्या भरवशावर तिसऱ्याशी सौदा केलाय, तिसऱ्याने चौथ्याशी. एकाचा हात सुटला की सगळी रांग खाली. आजच्या फ्युचर्सचा सांगाडा हाच आहे. फरक इतकाच की आता सौदा करताना मार्जिन आधी भरावं लागतं, रोज संध्याकाळी नफ्या-तोट्याचा हिशोब होतो आणि मधे क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभं असतं. १८६५ मध्ये यातलं काहीही नव्हतं. होता तो फक्त शब्द.

असे हजारो वायदे एकाच तारखेला पुरे व्हायचे होते. १ जुलै १८६५.

त्याआधीच घात झाला. ९ एप्रिल १८६५ ला अमेरिकेत दक्षिणेच्या सेनापतीने, जनरल ली याने शरणागती पत्करली. युद्ध संपलं, ही जगासाठी चांगली बातमी होती, मुंबईसाठी मात्र कापसाचा भाव कोसळल्याची. मे महिन्यात बेहरामजी होरमसजी कामा हे कापसाचे बडे व्यापारी बुडाले आणि बाजाराच्या काळजात धस्स झालं. मोठा माणूस बुडू शकतो, हे लोकांना त्या दिवशी समजलं. तरी जुलैपर्यंत काहीतरी होईल, भाव परत येईल, अशी आशा धरून लोक बसले. पडत्या भावात घेतलेला माल सोडवत नाही, हा रोग काही आजचा नाही.

१ जुलैला वायदे पुरे करायला कोणाकडेच पैसे नव्हते. ज्याने घ्यायचं त्याच्याकडे रोकड नाही, ज्याने द्यायचं त्याचाही पैसा दुसऱ्याकडे अडकलेला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर एकेकाळी २,८५० रुपयांवर गेला होता, तो ८७ ला विकायची वेळ आली. बॅक बेचा तर मातीमोल झाला. इतकी माणसं एकाच वेळी नादार झाली की सरकारला १८६५ मध्येच देणी मिटवण्यासाठी खास कायदा करावा लागला. १८६४ च्या गणतीत मुंबईची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या जवळ होती, १८७२ ला ती साडेसहा लाखांच्या आत आली. सगळे काही शेअरमुळे गेले नाहीत, पण तेजीसोबत आलेलं काम तेजीसोबत गेलं, हे उघड आहे.

प्रेमचंद यांचंही दिवाळं निघालं. बँक ऑफ बॉम्बेने आणखी दोन-तीन वर्षं कशीबशी तग धरली आणि १८६८ ला ती गुंडाळावी लागली. चौकशी आयोग बसला. त्यात कर्जवाटपाच्या पद्धतीचे वाभाडे निघाले आणि प्रेमचंद यांचं बँकेवरचं वजन चव्हाट्यावर आलं. त्यांना निव्वळ लुच्चा म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. स्वतःचा पैसाही त्यांनी त्याच आगीत घातला होता. मात्र ज्या बँकेतून आपण कर्ज घेतो, तिच्याच कर्जवाटपावर आपला शब्द चालवायचा, याला भाबडेपणाही म्हणता येत नाही. त्या बँकेत पैसे ठेवणाऱ्यांनी प्रेमचंद यांच्या सट्ट्यात भाग घ्यायला होकार दिला नव्हता.

त्याच वर्षी त्याच नावाने नवी बँक निघाली. १९२१ ला ती इम्पिरियल बँकेत विलीन झाली आणि १९५५ ला इम्पिरियलची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. १९९२ ला बँकांचा पैसा शेअर बाजारात वळवल्याचा जो घोटाळा उघडकीला आला, त्यात पहिलं मोठं नाव याच स्टेट बँकेचं होतं. त्या घोटाळ्यातल्या हर्षद मेहताला लोक बिग बुल म्हणायचे. त्याचा शेवट ठाण्यात झाला. ठाण्याच्या तुरुंगात असताना छातीत दुखू लागलं आणि ३१ डिसेंबर २००१ ला ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तो गेला, वय ४७. सव्वाशे वर्षांत नियमांची पुस्तकं जाड झाली, पैसा मात्र जुन्याच वाटेने गेला.

आणि वायद्याचं? सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या १०० पैकी ९३ सामान्य ट्रेडर्सनी पैसे घालवले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. म्हणजे मार्जिन आणि क्लिअरिंगमुळे बाजार वाचला. माणूस वाचतोच असं नाही.

परत प्रेमचंद यांच्याकडे. वयाच्या पस्तिशीच्या आत सगळं कमावून सगळं गमावलेल्या या माणसाने मुंबई सोडली नाही. पुन्हा दलालीला बसले. त्यांच्याकडे कौशल्य होतं, ओळखी होत्या, नाव डागाळलं तरी पुसलं गेलं नव्हतं. त्यांच्या चिठ्ठीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या कारकुनाकडे यातलं काहीच नव्हतं. मोठ्या माणसाच्या मागे जाऊन पैसे लावताना हा फरक कोणी मोजत नाही.

९ जुलै १८७५ ला मुंबईच्या दलालांनी आपली संघटना बांधली, द नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन. ३१८ सभासद, प्रवेश फी १ रुपया. संस्थापकांत प्रेमचंद होते. हीच आजची बीएसई. कोणी दलाली करायची, सौदा मोडला तर काय, याचे नियम आता भरवशावर सोडायचे नाहीत असं ठरलं. १ जुलैच्या त्या दिवसाला तेव्हा नुकतीच दहा वर्षं झाली होती.

राजाबाई टॉवरही त्यांचाच. तेजीच्या भरात, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि आईच्या नावाने मनोऱ्यासाठी २ लाख दिले होते. आई आंधळी होती आणि तिला वेळ कळावी म्हणून घड्याळाचा मनोरा बांधला, असं सांगतात. कोनशिला १८६९ ला बसली, बांधकाम १८७८ ला संपलं. तोवर तेजीतल्या बहुतेक कंपन्यांच्या पाट्याही उतरल्या होत्या. बाजारातून वेळीच बाहेर काढलेला त्यांचा हा पैसा मात्र शाबूत राहिला.

पुढची अनेक वर्षं त्यांनी दलालीच केली, पण बाजार पुन्हा कधी त्यांच्या एका चिठ्ठीवर हलला नाही. १८९९ ला दलालांच्या संघटनेला दलाल स्ट्रीटवर स्वतःचं सभागृह मिळालं. १९०६ ला प्रेमचंद यांचं निधन झालं, तेव्हा त्यांच्या नावाची पेढी चालू होती.