रघुजींची फिरंग

टिटवाळ्याहून सकाळची लोकल पकडावी, दादरला उतरावे आणि प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे कला अकादमीपर्यंत चालत जावे. ऑगस्ट २०२५मध्ये एवढ्या अंतरावर पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका मराठा सेनानीची तलवार पाहायला मिळत होती. व्हिडिओ गेमच्या पडद्यावर पाहिलेली जपानी तलवार कारागिराकडून हुबेहूब घडवून घेऊन दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगण्याची हौस आता जगभर रुजली आहे. ‘फायनल फँटसी’सारख्या खेळातील ‘मासामुने’ ही लांबलचक तलवार त्यांपैकी विशेष लोकप्रिय. मासामुने हे नाव मात्र कल्पित नव्हे. तेराव्या-चौदाव्या शतकांच्या संधिकाळात जपानमधील कामाकुरा येथे पोलाद घडवणाऱ्या एका थोर लोहाराचे ते नाव. जपानमध्ये तलवार ओळखली जाते ती घडवणाऱ्याच्या नावाने. प्रभादेवीला आलेल्या तलवारीवर घडवणाऱ्याचे नाव नव्हते. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत नाव होते ते धारण करणाऱ्याचे : नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक, सेनासाहेबसुभा रघुजी भोसले यांचे.

त्या लेखातच या हत्याराची जातही सांगितली आहे. ती फिरंग आहे, म्हणजे युरोपात घडवलेल्या सरळ, एकधारी पात्याला आपल्याकडे मूठ चढवून सिद्ध केलेली तलवार. ठाणे, साष्टी, वसईच्या पट्ट्यात फिरंगी म्हटले की पोर्तुगीजच डोळ्यांसमोर येत. १७३७मध्ये ठाण्याचा कोट आणि १७३९मध्ये वसईचा किल्ला मराठ्यांनी घेतला तो त्यांच्याच हातून. तथापि शत्रू फिरंगी असला तरी त्याच्या मुलखातील पाते मराठा सरदारांना वर्ज्य नव्हते. उलट ते मानाचे समजले जाई. मूठ मात्र मुल्हेरी घाटाची, कोफ्तगरीने सोन्याची नक्षी भरलेली, अस्सल देशी.

रघुजींचा जन्म १६९५च्या सुमाराचा. हिंगणीकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी हे त्यांचे वडील. वाईजवळच्या रामभक्त कोल्हटकरांच्या आशीर्वादाने हा पुत्र झाला आणि म्हणून त्याला रघुपतीचे नाव ठेवले, अशी घराण्यातील आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, कोल्हटकरांचे आणि या भोसल्यांचे नाते पुढे फार खोल गेले आणि त्याचा शेवट रक्तात झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. त्या वेळी घराण्याची दौलत चुलते कान्होजी यांच्याकडे होती. शाहू महाराज १७०७मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा वऱ्हाडातून प्रथम त्यांच्या पक्षाला जाऊन मिळालेले परसोजी भोसले हे कान्होजींचे वडील. सेनासाहेबसुभा हे पद घराण्यात आले ते त्यांच्यामुळे.

कान्होजींना मूल नव्हते. त्यांनी रघुजींना पुत्रवत वाढवले. पुढे कान्होजींना स्वतःचा मुलगा झाला आणि पुतण्याचे स्थान डळमळले. मराठा घराण्यांच्या इतिहासात ही कथा अनेकदा घडलेली आहे. रघुजी घराबाहेर पडले. काही काळ त्यांनी एलिचपूरच्या नबाबाकडे आणि देवगडच्या गोंड राजाकडे चाकरी केली. याच उमेदवारीत पुढे ज्या मुलखावर राज्य करायचे होते, त्याच्या वाटा आणि नद्यांचे उतार त्यांच्या परिचयाचे झाले. नंतर ते साताऱ्यास आले. शिकारीत निधड्या छातीचा हा तरुण शाहू महाराजांच्या मनात भरला. शिर्के घराण्यातील आपल्या राणीची बहीण देऊन महाराजांनी त्यांना साडू करून घेतले.

इकडे कान्होजी हिशेब देत नव्हते, हुकूम जुमानत नव्हते. शाहू महाराजांनी सेनासाहेबसुभा पद रघुजींकडे सोपवले आणि त्यांनाच कान्होजींवर पाठवले. वणीजवळ मंदर येथे काका-पुतण्याची गाठ पडली. ज्यांनी वाढवले, त्यांनाच कैद करून साताऱ्यास रवाना करावे लागले. कान्होजींचा शेवट कैदेतच झाला. फिरंगेवर सोन्याने कोरलेले ते पद अशा रीतीने हाती आले होते.

देवगडच्या गोंड राज्याचा राजा चांद सुलतान मरण पावला तेव्हा वली शाहाने गादी बळकावली. राणी रतनकुंवरने आपल्या मुलांच्या रक्षणासाठी रघुजींना बोलावले. रघुजींनी वली शाहाचा पाडाव करून राजपुत्रांना गादी दिली, मोबदला घेतला आणि ते परतले. काही वर्षांनी ते दोघे भाऊच आपसांत भांडू लागले आणि रघुजींना पुन्हा आमंत्रण आले. या खेपेस, १७४३च्या सुमारास, ते परतले नाहीत. बुऱ्हाण शाहाला राजा म्हणून मानाने नागपुरातच ठेवले, त्याची तनखा बांधून दिली आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. बख्त बुलंदाने वसवलेले नागपूर अशा रीतीने भोसल्यांची राजधानी झाले. मदतीला आलेला पाहुणा घरधनी कसा होतो, याचा हा नमुना. पुढे इंग्रजांनी हाच धडा भोसल्यांच्या वंशजांवर गिरवला. रामटेकच्या राममंदिराच्या आजच्या बांधणीचे श्रेयही रघुजींनाच दिले जाते.

दरम्यान त्यांचे नाव दक्षिणेतही गाजले होते. १७४०मध्ये शाहू महाराजांच्या आज्ञेने फत्तेसिंह भोसल्यांसह ते कर्नाटकात उतरले. दामलचेरीच्या खिंडीत २० मे रोजी अर्काटचा नबाब दोस्त अली लढाईत मारला गेला. मार्च १७४१मध्ये त्रिचनापल्लीचा किल्ला पडला आणि नबाबाचा जावई चंदासाहेब मराठ्यांच्या कैदेत साताऱ्यास आला. चंदासाहेबाचे कुटुंब पाँडिचेरीत फ्रेंचांच्या आश्रयाला होते. ते हवाली करावे, हा रघुजींचा तगादा फ्रेंच गव्हर्नर द्यूमा याने मानला नाही. उलट त्याने भेटीदाखल मद्याच्या बाटल्या पाठवल्या. त्या रघुजींच्या पत्नीस इतक्या आवडल्या की आणखी बाटल्यांसाठी तहाची बोलणी सौम्य झाली, असा मजेदार किस्सा फ्रेंचांच्या बाजूने सांगितला जातो. यात तथ्य किती आणि फ्रेंचांची फुशारकी किती, हे वाचकांनी ठरवावे.

या मोहिमेच्या ऐन मध्यावर, २८ एप्रिल १७४० रोजी, थोरले बाजीराव वारले. रघुजी साताऱ्याकडे धावले. पेशवाई बाजीरावांचे पुत्र बाळाजी यांना न मिळता बारामतीच्या बाबूजी नाइकांना मिळावी, अशी त्यांची खटपट होती. ती फसली. शाहू महाराजांनी वस्त्रे बाळाजींनाच दिली. मराठ्यांची पूर्वेकडील राजनीती पुढची कित्येक वर्षे या एका फसलेल्या खटपटीची किंमत मोजत होती.

पूर्व म्हणजे बंगाल. रघुजींच्या चरित्रातील सर्वांत मोठा आणि सर्वांत अवघड अध्याय हाच होय. अलिवर्दीखानाने १७४०मध्ये बंगाल, बिहार आणि ओडिशाची सुभेदारी तलवारीच्या बळावर मिळवली होती. पराभूत पक्षातील मीर हबीब याने पुढे नागपूरकरांची कास धरली. १७४२मध्ये रघुजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर हजारो स्वारांनिशी बंगालात शिरले. अलिवर्दी सैन्यासह अडकून पडलेला असताना मराठ्यांनी राजधानी मुर्शिदाबादेवर छापा घातला आणि जगतशेठांची पेढी लुटली. कलकत्त्यातील इंग्रज इतके धास्तावले की त्यांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो ‘मराठा खंदक’ कधीच पुरा झाला नाही. पुढे बुजवलेल्या त्याच्या मार्गावर कलकत्त्याचा सर्क्युलर रोड झाला. कटव्याला भास्कररामांनी दुर्गापूजा मांडली, पण ऐन नवरात्रात अलिवर्दीने अचानक छापा घालून तो तळ उधळला.

मराठीत बारगीर हा साधा शब्द आहे. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर. बंगालीत त्याचा ‘बर्गी’ झाला आणि त्या शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना धाक घातला गेला. बर्गी आले, आता खंडणी कशी द्यायची, अशी चिंता करणारे अंगाईगीत बंगाली घरांत अजून गायले जाते. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने १७५१च्या सुमारास ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात गावे जाळल्याची, माणसे छळून पैसा वसूल केल्याची, स्त्रियांवरील अत्याचारांची वर्णने केली आहेत. ज्या हिंदू गावकऱ्यांच्या वाट्याला हे आले, त्यांना लुटणारेही शंकर-भवानीचेच भक्त होते, ही गोष्ट मराठी इतिहासलेखनाने बराच काळ नजरेआड केली. चौथाईचा हक्क शाहू महाराजांच्या सनदेने आला असेल, पण वर्धमानच्या विणकराला सनद दिसत नव्हती, घोडे दिसत होते. रघुजींचे कर्तृत्व मोजताना हे पारडे रिकामे ठेवता येत नाही.

१७४३मध्ये रघुजी स्वतः बंगालात उतरले आणि पाठोपाठ पेशवे बाळाजी बाजीरावही आले, ते मात्र अलिवर्दीच्या मदतीला! पलाशीनजीक पेशवे आणि अलिवर्दी यांची भेट झाली. शाहू महाराजांना चौथाई आणि पेशव्यांना फौजेच्या खर्चापोटी बावीस लाख रुपये देण्याचे ठरले. पेशव्यांनी रघुजींचा पाठलाग करून त्यांना बंगालबाहेर काढले. एकाच छत्रपतींचे दोन सेवक परमुलखात एकमेकांवर चालून गेले, हे पाहून साताऱ्यास काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. अखेर ऑगस्ट १७४३मध्ये शाहू महाराजांनी दोघांना समोर बसवून मुलूख वाटून दिले. माळवा, आग्रा, अजमेर, प्रयाग पेशव्यांकडे. वऱ्हाडापासून कटकापर्यंतचा प्रदेश, बंगाल आणि बिहारचा मोठा भाग रघुजींकडे. ही समजूत तेव्हापुरती तरी टिकली.

पेशव्यांना पैसे मोजूनही दुसरा मराठा येणारच, हे उमगलेल्या अलिवर्दीने मग निराळा मार्ग पत्करला. ३१ मार्च १७४४ रोजी मानकरा येथे तहाच्या बोलण्यांसाठी भास्कररामांना सरदारांसह शामियान्यात बोलावले. आत येताच इशारा झाला आणि वीसहून अधिक मराठा सरदार भास्कररामांसह कापले गेले. एकटे रघुजी गायकवाड छावणीत मागे राहिले होते. उरलेली फौज घेऊन ते निसटले. ज्या घराच्या आशीर्वादाने आपण जन्मलो असे रघुजी मानत, त्या घरातील पुरुष असा दग्याने गेला. पुढच्याच वर्षी ते सूड घेण्यास निघाले. ओडिशाचा नायब दुर्लभराम त्यांच्या कैदेत आला, कटकचा बाराबती किल्ला हाती पडला. मुर्शिदाबादेपाशी मात्र अलिवर्दीने त्यांना मागे रेटले.

यानंतरची पाच-सहा वर्षे म्हणजे जवळजवळ दरसालची स्वारी होय. रघुजींचे पुत्र जानोजी आणि साबाजी आता या मोहिमा चालवू लागले होते. वृद्ध अलिवर्दी घोड्यावरून उतरत नव्हता आणि मराठे माघार घेत नव्हते. अखेर १७५१मध्ये तह झाला. बंगालच्या चौथाईपोटी सालीना बारा लाख रुपये ठरले आणि सुवर्णरेखा नदीपर्यंतच्या ओडिशाचा वसूल रघुजींच्या फौजेच्या खर्चास लावून दिला. नावाला तेथे मीर हबीब अलिवर्दीचा नायब होता. वर्षभरात तोही जानोजींच्या माणसांकडून मारला गेला आणि कटक-पुरीचा मुलूख उघडपणे नागपूरच्या अमलाखाली आला. १८०३च्या देवगावच्या तहापर्यंत तो तसाच राहिला. जगन्नाथाच्या यात्रेची व्यवस्था अर्धशतक नागपूरचे भोसले पाहत होते. याच सुमारास चांद्याचे गोंड राज्यही त्यांनी खालसा केले. छत्तीसगड तर बंगालच्या वाटेवरच त्यांच्या कह्यात आला होता.

शाहू महाराज डिसेंबर १७४९मध्ये वारले. त्यानंतर साताऱ्याची सत्ता पुण्याला गेली. पेशव्यांना सर्वांत उघड विरोध केलेल्या या सरदाराने आता मात्र त्यांच्याशी जुळवून घेतले. वय झाले होते आणि पूर्वेत मिळवायचे ते बहुतेक मिळाले होते. १४ फेब्रुवारी १७५५ रोजी नागपुरास रघुजींचा मृत्यू झाला. त्यांच्यामागे जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी या पुत्रांत वाटणीचा तंटा लागला. पेशव्यांनी जानोजींना सेनासाहेबसुभा आणि मुधोजींना सेनाधुरंधर करून तो मिटवला आणि नागपूरचे बळ विभागले गेले. दोनच वर्षांनी पलाशीची लढाई झाली. मराठ्यांना थोपवता थोपवता खिळखिळा झालेला बंगाल इंग्रजांच्या हाती गेला.

नोव्हेंबर १८१७मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला आणि नागपूर कंपनीच्या मुठीत आले. रघुजींची फिरंग त्याच धामधुमीत, लुटीतून वा नजराण्यातून, देशाबाहेर गेली असावी, असा तर्क केला जातो. डिसेंबर १८५३मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. तेव्हा राजवाड्यातील हत्ती-घोडे सीताबर्डीला आणि जडजवाहीर कलकत्त्याला पाठवून लिलावात विकले गेले. ज्या कलकत्त्याने रघुजींच्या स्वारांच्या भयाने खंदक खणला, तेथे त्यांच्या सुनांचे दागिने बोली लागून गेले.

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात ही तलवार आली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती घेतली. वाहतूक आणि विम्यासह खर्च ४७ लाख १५ हजार रुपये आला. सांस्कृतिक कार्यमंत्री आशिष शेलार यांनी लंडनला जाऊन ती ताब्यात घेतली आणि १८ ऑगस्टला ती मुंबईच्या विमानतळावर उतरली. तेथून ती मिरवणुकीने प्रभादेवीला नेण्यात आली.