जुन्या नाण्यांचा पारखी : पेट्रार्क

चौदाव्या शतकात रोम शहरास मोठी अवकळा आली होती. एके काळी ज्या नगरीची सत्ता तीन खंडांत चालत होती, तिचे प्रासाद व मंदिरे ढासळून पडली होती. तटाच्या आत लोकांनी द्राक्षांचे मळे लावले होते. ते मळे खणताना कुदळीच्या टोकाला कधी कधी एखादे सोन्याचे किंवा चांदीचे नाणे लागे. त्यावर कोणाची मुखाकृती आहे, हे बिचाऱ्या शेतकऱ्यास कळत नसे. अशा वेळी एक विद्वान रोममध्ये आलेला असला, म्हणजे शेतकरी ते नाणे घेऊन त्याच्याकडे जात. कोणी ते विकत घेण्याची विनंती करी, तर कोणी त्यावरील पुरुषाचे नाव विचारी. तो विद्वान म्हणजे इटलीचा थोर कवी फ्रांचेस्को पेट्रार्क होय.

पेट्रार्कचा जन्म २० जुलै १३०४ रोजी अरेत्सो या गावी झाला. राजकीय कलहामुळे त्याच्या वडिलांना फ्लॉरेन्स शहरातून हद्दपार व्हावे लागले होते. पुढे हे कुटुंब फ्रान्सच्या दक्षिणेकडील आव्हिन्यों येथे गेले. त्या काळी पोपचे वास्तव्य तेथे होते. मुलाने कायद्याचा अभ्यास करावा अशी पित्याची इच्छा होती. परंतु मुलाचे मन प्राचीन रोमच्या कवींत व वक्त्यांत रमले होते. एकदा वडिलांनी त्याची लपविलेली पुस्तके शोधून काढली आणि संतापाच्या भरात अग्नीत टाकली. मुलाचा आक्रोश पाहून मात्र त्यांचे हृदय द्रवले, आणि व्हर्जिल व सिसरो यांचे दोन ग्रंथ त्यांनी स्वतःच ज्वाळांतून बाहेर काढले. १३२६ साली वडील वारले, तेव्हा पेट्रार्कने कायद्याचा अभ्यास कायमचा सोडला.

१३३७ साली त्याने रोम प्रथम पाहिले. तेथील भग्नावशेषांत हिंडताना ग्रंथांतून वाचलेला इतिहास त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. १३४१ साली त्याच नगरीत, कॅपिटल टेकडीवर, लॉरेलच्या पानांचा मुकुट घालून कवी म्हणून त्याचा सन्मान करण्यात आला. १३४५ साली व्हेरोना येथील एका ग्रंथालयात त्यास सिसरोची विस्मृतीत गेलेली पत्रे सापडली. जुन्या ग्रंथांचा शोध तो ज्या आवडीने करी, त्याच आवडीने तो जुनी नाणीही जमवी. रोमन नाण्याच्या एका बाजूस सम्राटाची मुखाकृती असे व कडेने त्याचे नाव आणि पदव्या कोरलेल्या असत. ती झिजलेली अक्षरे लावून पेट्रार्क तो सम्राट कोण होता व त्याने काय केले, हे ओळखीत असे.

इटलीतील नगरे त्या काळी आपसांत लढत होती. रोमला पुन्हा एक समर्थ सम्राट लाभावा आणि देशात शांतता नांदावी, अशी पेट्रार्कची तळमळ होती. १३५४ च्या हिवाळ्यात चौथा चार्ल्स राजा राज्याभिषेकासाठी आल्प्स पर्वत ओलांडून इटलीत आला आणि मान्तुआ येथे त्याने पेट्रार्कला बोलाविले. पेट्रार्क थोर पुरुषांची चरित्रे लिहीत होता. तो ग्रंथ आपणास अर्पण व्हावा, असे चार्ल्सने सुचविले. त्यावर पेट्रार्कने नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत सांगितले की, तो मान केवळ मुकुटामुळे मिळणार नाही. त्यासाठी तशीच कृत्ये करावी लागतील. मग त्याने जपून ठेवलेली काही सोन्याची व चांदीची नाणी राजाच्या हाती दिली. त्यांत ऑगस्टसचे एक नाणे होते. त्यावरील चेहरा जणू जिवंत भासत होता. ज्यांच्या आसनावर आपण बसणार आहात ते हे पुरुष. त्यांना ओळखा आणि त्यांच्यासारखे वागा, असे त्याने विनविले. प्रत्येक सम्राटाची हकीकतही त्याने थोडक्यात सांगितली. राजाने ती भेट आनंदाने स्वीकारली.

परंतु पेट्रार्कची आशा फळास आली नाही. ५ एप्रिल १३५५ रोजी चार्ल्सला रोममध्ये राज्याभिषेक झाला. पोपला दिलेल्या वचनाप्रमाणे त्याने त्याच दिवशी नगर सोडले आणि पुढे तो स्वदेशी परतला. जाताना त्याने एका मित्राबरोबर सीझरची एक प्राचीन प्रतिमा पेट्रार्ककडे पाठविली. पेट्रार्कने उत्तरादाखल कडक पत्र लिहिले. त्या प्रतिमेला वाचा असती, तर तिनेच सम्राटाला माघारी जाऊ दिले नसते, असे त्याने निर्भयपणे कळविले.

चार्ल्सने याबद्दल मनात राग धरला नाही. १३६१ साली त्याने काही कागदपत्रे पेट्रार्ककडे तपासण्यासाठी पाठविली. ज्युलियस सीझर व नीरो यांनी ऑस्ट्रियास सनदा दिल्याचा दावा त्या कागदांत केलेला होता. सीझरच्या नावापुढे तेथे ऑगस्टस ही पदवी पाहताच पेट्रार्कने लबाडी ओळखली. कारण ती पदवी सीझरच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसापासून सुरू झाली होती. अशा अनेक खुणा दाखवून त्याने ते कागद बनावट असल्याचे सिद्ध केले.

१३७४ च्या जुलै महिन्यात, सत्तरावा वाढदिवस अगदी जवळ आला असता, आर्क्वा या खेड्यात पेट्रार्कने देह ठेवला. पुढील शतकांत युरोपातील अनेक विद्वान व राजे रोमन नाणी जमवू लागले. बाजारात ज्या नाण्याची किंमत केवळ सोन्याच्या वजनावर ठरली असती, त्यावरून गतकाळ वाचता येतो आणि राज्यकर्त्यास त्याच्या कर्तव्याची आठवण देता येते, हे पेट्रार्कने त्यांच्याआधीच दाखवून दिले होते.