विश्लेषण : बेली डान्स एकाच गुरूकडून शिकावा का? सामिया गमाल यांचा प्रवास काय सांगतो?

बेली डान्स म्हटले की चमचमता पोशाख आणि हवेत तरंगणारी ओढणी डोळ्यांसमोर येते. हे चित्र पडद्यावरून जगभर नेणाऱ्यांमध्ये इजिप्तच्या सामिया गमाल (१९२४-१९९४) यांचे नाव अग्रस्थानी आहे. पण त्यांची शैली कोणा एका गुरूने घडवलेली नव्हती.

सामिया गमाल कोण होत्या?
मूळ नाव जैनब. जन्म इजिप्तच्या बनी सुवेफ प्रांतातला. लहानपणीच त्या कुटुंबासह कैरोला आल्या आणि किशोरवयात बदिया मसाबनी यांच्या नृत्यसंघात दाखल झाल्या. सामिया गमाल हे नाव त्यांना तिथेच मिळाले. इजिप्तमध्ये या नृत्याला ‘रक्स शर्की’, म्हणजे पूर्वेकडचे नृत्य म्हणतात. उर्दू गझलांतून आपल्या कानावर पडणारा ‘रक्स’ तो हाच.

पहिल्या गुरूकडून काय मिळाले?
बदिया यांनी १९२६ मध्ये कैरोत स्वतःचे मनोरंजनगृह सुरू केले. छोट्या जागेत रंगणारे हे नृत्य त्यांनी मोठ्या रंगमंचासाठी बसवले. मंच मोठा झाला, तशी नर्तकी मंचभर फिरू लागली आणि तिच्या हातांच्या हालचालींना महत्त्व आले. सामिया सुरुवातीला समूहात नाचत. तिथे शिस्त मिळाली, पण स्वतंत्र ओळख मिळणे कठीण होते.

दुसरी गुरू कोण?
तहिया कारिओका. त्याच संघातून पुढे आलेल्या वरिष्ठ नर्तकी. त्यांची रीत जवळपास उलटी होती. फारशी जागा न व्यापता, कंबर आणि पोटाच्या बारीक, संथ हालचालींवर त्या प्रेक्षकांना खिळवून ठेवत.

दोन रीतींचा मेळ कसा बसला?
एक रीत मंच व्यापणारी, दुसरी जागेवर स्थिर राहणारी. नवख्या विद्यार्थिनीचा गोंधळ उडायला एवढे पुरेसे आहे. सामिया यांचे पहिले एकल नृत्यही फसले होते, असे सांगितले जाते. पण गुरूची नक्कल करण्याऐवजी त्यांनी पाश्चात्त्य नृत्याचेही धडे घेतले. कंबरेची हालचाल रक्स शर्कीचीच राहिली. गिरक्या, लांब पावले आणि पसरलेले हात यांत बॅलेची छाप आली, तर काही ठेके लॅटिन अमेरिकी नृत्यांतून आले. ओढणी आणि उंच टाचांचे बूट ही पुढे त्यांची खूण ठरली.

पुढे काय झाले?
गायक-संगीतकार फरीद अल-अत्राश यांच्यासोबतचे ‘हबीब अल-ओम्र’ (१९४७) आणि ‘अफ्रिता हानेम’ (१९४९) हे चित्रपट गाजले. १९५४ मध्ये त्या फ्रेंच ‘अली बाबा’ आणि हॉलीवूडच्या ‘व्हॅली ऑफ द किंग्ज’मध्येही दिसल्या. १ डिसेंबर १९९४ रोजी कैरोत त्यांचे निधन झाले.

आज याचे महत्त्व काय?
तहिया आणि सामिया यांची नावे आज दोन वेगळ्या शैली म्हणून घेतली जातात. एक दुसरीची शिष्या होती, हे नुसते नृत्य पाहून ओळखणे अवघड आहे.