चाकांच्या खुर्चीतील शल्यविशारद : डॉ. मेरी वर्गीस

आपल्या घरात किंवा मंडळीत अपघाताने अंथरुणाला खिळलेले एखादे माणूस असेल, तर हा अनुभव आपल्याला नवा नाही. अपघाताच्या दिवशी रुग्णालयाच्या दारात गर्दी मावत नाही, उपासनेत त्याच्यासाठी प्रार्थना होते. वर्ष उलटते आणि त्या खाटेपाशी आई किंवा पत्नी तेवढी उरते. जीव वाचला, पण वाचलेल्या जिवाचे पुढे काय? हा प्रश्न जिने प्रथम स्वतःच्या देहात सोसला, त्या डॉक्टर भगिनीची ही कथा आहे.

मेरी वर्गीस यांचा जन्म २६ मे १९२५ रोजी केरळातील चेराई या गावी, एका सुरियानी ख्रिस्ती कुटुंबात झाला. डॉ. आयडा स्कडर यांनी स्थापिलेल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. स्त्रीरोगशास्त्रात प्रावीण्य मिळवावे, अशी त्यांची मनीषा होती. जानेवारी १९५४ मध्ये तरुण डॉक्टरांचा एक गट सहलीस निघाला असता त्यांची गाडी उलटली. मेरीबाईंच्या चेहऱ्यावर खोल जखम झाली. तिचा व्रण आयुष्यभर राहिला. पण खरा घाव पाठीच्या कण्यावर बसला होता. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कमरेखालील शरीर निर्जीव झाले.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट समजून घेऊ या. मज्जारज्जूला इजा झाली म्हणजे केवळ पाय जातात, असे नव्हे. स्पर्शाची जाणीव जाते, लघवीवरील ताबा जातो. एकाच कुशीवर पडून राहिल्याने कातडीचा रक्तपुरवठा थांबतो आणि शय्याव्रण होतात. रुग्णाला मात्र वेदनाच कळत नाही. मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग वाढत वाढत मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक रुग्ण इजेने नव्हे, तर अशा संसर्गाने एकदोन वर्षांत दगावत असत. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून रुग्णाला दर दोन तासांनी कूस पालटून देण्यासारख्या साध्या पण अखंड शुश्रूषेने हे चित्र बदलले. मेरीबाईंना अपघात झाला तो त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी.

कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड त्या वेळी वेल्लोरलाच होते. त्यांनी मेरीबाईंना या कामात ओढले. पोटाची शस्त्रक्रिया उभ्याने करावी लागते, हाताची मात्र बसून करता येते! निकामी झालेल्या स्नायूचे काम दुसऱ्या चांगल्या स्नायूकडे सोपवायचे, त्यासाठी त्याची कंडरा नव्या जागी जोडायची, असे ते नाजूक काम. चाकांच्या खुर्चीत बसून मेरीबाई ते करू लागल्या. त्यांच्या पायांना जशी संवेदना नव्हती, तशी या रुग्णांच्या हातांनाही नव्हती. न दुखणारी जखम किती घातकी असते, हे दोघांनाही सारखेच ठाऊक होते. चेहऱ्यावर व्रण असलेली, पायांनी अधू डॉक्टरीण समोर पाहून त्या उपेक्षितांना काय वाटले असेल, याची कल्पना आपणच करावी.

चरित्रे वाचताना आपण अपघातावरून एकदम विजयावर उडी मारतो. प्रत्यक्षात मध्ये जवळजवळ नऊ वर्षे गेली. स्वतःला सावरण्यासाठी आणि शिकण्यासाठी त्या ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे राहिल्या. पुढे न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत शिष्यवृत्तीवर जाऊन त्यांनी पुनर्वसनशास्त्राचा अभ्यास केला. परतल्यावर १९६३ च्या आरंभी वेल्लोर येथील भौतिक उपचार व पुनर्वसन विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी डोरोथी क्लार्क विल्सन यांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले.

पण विभाग असून भागत नव्हते. आपल्याकडे कणा मोडतो तो अनेकदा ताडामाडावरून किंवा विहिरीत पडून, आणि पडणारा अनेकदा असतो तो घरातला कमावता पुरुष. त्याला चार दिवस औषध देऊन झोपडीत परत धाडले, तर मृत्यू थोडा पुढे ढकलला जातो एवढेच. त्याला काही महिने ठेवून घ्यावे लागते. अंग कसे उचलावे, आरसा धरून कातडी रोज कशी तपासावी, लघवीची नळी स्वच्छ कशी ठेवावी, खुर्चीत बसून कोणता धंदा करता येईल, हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना शिकवावे लागते. यासाठी १९६६ मध्ये वेल्लोरनजीक बागायम येथे पुनर्वसन संस्था उभी राहिली. रुग्णांना दाखल करून घेणारी अशी देशातील पहिली संस्था म्हणून ती ओळखली जाते. तिला आज मेरीबाईंचेच नाव आहे.

१९७२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. तरी इजा काही त्यांना सोडून गेली नव्हती. जी दक्षता त्या रुग्णांना शिकवीत, ती त्यांनाही रोज पाळावीच लागे. अपघातानंतर बत्तीस वर्षे जगून डिसेंबर १९८६ मध्ये त्या प्रभूमध्ये निजल्या.

बागायमहून घरी गेलेले रुग्ण मेळाव्यासाठी पुन्हा तेथे एकत्र जमतात. तेथे खेळ होतात, गाणी होतात, जुने रुग्ण नव्यांना भेटतात. आणि त्याच वेळी डॉक्टर प्रत्येकाची कातडी व मूत्रपिंडे तपासून घेतात.