पन्नास जणांचे मुखत्यारपत्र : सार्वजनिक काकांची गोष्ट



गावात बैठक लागली की एक गोष्ट हमखास घडते. एखादे गृहस्थ उठतात, गावाच्या वतीने सांगतो म्हणतात आणि बोलायला लागतात. आमच्यासारखा सरकारी माणूस ते वहीत उतरवून घेतो. चहा होतो, बैठक उठते. मीही असं बऱ्याच वेळा लिहून घेतलं आहे. पण त्या गृहस्थांना गावाने हे सांगायला कधी आणि कुठे बसून सांगितलं, हे मी विचारलेलं नाही. पुण्यातल्या एका वकिलाने दीडशे वर्षांपूर्वी हा प्रश्न आधी स्वतःलाच विचारला होता. त्यांची ही गोष्ट.

नाव गणेश वासुदेव जोशी. जन्म १८२८ सालचा, साताऱ्याचा. पुढे पुण्यात येऊन वकिली केली. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत, आणि आजही त्याच नावाने ते ओळखले जातात. हे नाव त्यांना मिळालं ते पुण्याच्या सार्वजनिक सभेमुळे.

सभेचा उगम एका देवस्थानाच्या कारभारात आहे. पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार पंच पाहत होते आणि त्याबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. तक्रार सरकारदरबारी न्यायची तर न्यायची कुणी? चार माणसं अर्ज घेऊन गेली तर साहेब विचारणार, तुम्ही कोण, तुम्हाला कुणी पाठवलं? त्या काळी निवडणूक नव्हती, मतदारयादी नव्हती. लोकांच्या वतीने बोलायचा अधिकार कुणालाच नव्हता. देवस्थानाच्या निमित्ताने सुरू झालेल्या या विचारातून सरकार आणि रयत यांच्यामध्ये उभी राहील अशी कायमची संस्था हवी, असं ठरलं. २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले. राबणूक मात्र काकांची.

आता सभेचा नियम बघा. ज्याला सभासद व्हायचं असेल त्याने किमान पन्नास सज्ञान माणसांचं मुखत्यारपत्र आणायचं. मुखत्यारपत्र म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. जमिनीच्या व्यवहारात भाऊ परगावी असला की आपण ते लिहून घेतोच. तेच काकांनी सार्वजनिक कामाला लावलं. पन्नास जणांनी लिहून दिल्याशिवाय सभेत बसायचं नाही, मग तो कितीही मोठा असो. सुरुवातीला असे पंचाण्णव सभासद झाले आणि त्यांच्यामागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. साहेबाने तुम्ही कोण असं विचारलं, तर दाखवायला कागद होता.

१८७१ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे बदली होऊन पुण्याला आले आणि सभेच्या कामाला अभ्यासाची जोड मिळाली. रानड्यांनी मांडणी करायची आणि काकांनी पायपीट, अशी ही जोडी होती.

शेतकऱ्यांच्या दृष्टीने सभेचं मोठं काम इथून सुरू झालं. त्या वेळी दख्खनच्या तालुक्यांत जमिनीची फेरआकारणी चालली होती आणि सारा बेसुमार वाढला होता. रयत हैराण आहे असा नुसता अर्ज करून सभा थांबली नाही. शेतकऱ्याची स्थिती काय, सारा किती, कर्ज किती, याची माहिती गोळा करून १८७३ साली तिने अहवालच छापला. दोन वर्षांनी, मे १८७५ मध्ये, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली आणि दंगा पुणे-नगर भागात पसरला. मग सरकारने चौकशी आयोग नेमला. शेतकरी कर्जाने पिचला आहे हे सभा आधीपासून सांगत होती. कोर्टाच्या खर्चात माणूस बुडू नये म्हणून आपसात तंटे मिटवायला लवाद कोर्ट काढण्यातही काका पुढे होते.

सगळ्यात कठीण परीक्षा १८७६ च्या दुष्काळात झाली. पाऊस गेला, जनावरं मेली, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. सभेने गावोगाव माणसं पाठवली. कुठे धान्याचा भाव काय, कुठे काम निघालं, कुठे माणूस उपाशी आहे, याच्या हकिगती जमा करून त्या सरकारला वरचेवर पाठवल्या. जानेवारी १८७७ मध्ये सरकारने दुष्काळी कामावरची मजुरी कमी केली. धान्याचा वाटा दिवसाला एका पौंडावर, म्हणजे अर्ध्या किलोच्याही आत, आला. दिवसभर दगड फोडणाऱ्याचं त्यात काय भागणार? हजारो मजूर काम सोडून गेले. त्यांची बाजू सभेने आकड्यांनिशी सरकारपुढे मांडली. गावात माणूस पाठवून माहिती आणलेली होती, त्यामुळे सभेचं म्हणणं ऐकीव म्हणून झटकून टाकणं सोपं नव्हतं.

त्याच महिन्यात दिल्लीला मोठा दरबार भरला होता. राजेरजवाडे जरीच्या पोशाखात आले होते. काका सभेचे प्रतिनिधी म्हणून गेले ते खादीच्या कपड्यांत. १८७२ सालीच त्यांनी हातसुताचं कापड वापरायचं व्रत घेतलं होतं आणि दिल्लीतही ते मोडलं नाही. पुढे १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्यावर खटला चालला. त्यांचं वकीलपत्र घ्यायला भलेभले कचरत होते, ते काकांनी घेतलं. २५ जुलै १८८० रोजी त्यांचं निधन झालं. वय बावन्न.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. मुखत्यारपत्र आणणारे सभासद बहुतेक सरदार, इनामदार, सावकार, वकील, पेन्शनर असे होते. ज्याच्या शेतावर सारा वाढला तो कुणबी आणि जो खडी फोडत होता तो मजूर स्वतः सभेत बसलेला नव्हता. त्याच्याबद्दल बोलणारे होते, तो बोलणारा नव्हता. महात्मा जोतीराव फुल्यांनी सभेवर कडक टीका केली ती यावरच. मला विचाराल तर काकांचा नियम बरोबर होता आणि फुल्यांची टीकाही बरोबर होती. सही लागते हे काकांनी शिकवलं. सही कुणाकुणाची राहिली ते मोजायला फुल्यांनी शिकवलं.

हे जुनं पुराण आज कशाला, असं तुम्ही म्हणाल. माझ्याच कामातली चूक सांगतो. एका गावात पाणलोटाचं काम होतं. माळावर समतल चर खोदायचे, झाडं लावायची आणि तीन वर्षं चराईबंदी, असा ठराव बैठकीत एकमताने झाला. समितीत बचत गटाची प्रतिनिधी म्हणून एका बाईंचं नाव होतं. ते एका पुढाऱ्याने सुचवलं आणि मी वहीत चढवलं. त्या गटातल्या बायकांना हे माहीतही नव्हतं. शेळ्या पाळणारी आठ-दहा घरं वस्तीवर राहतात, त्यांना तर बैठकीचा निरोपच नव्हता. माळ बंद झाला तर शेळ्या कुठे न्यायच्या, हा प्रश्न त्या बैठकीत निघालाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात शेळ्या चरात शिरल्या आणि रोपं गेली. गावाने त्या घरांना दोष दिला. दोष माझ्या वहीत होता.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. समितीवर कुणाचं नाव घ्यायचं झालं की आधी त्या गटाने, मंडळाने किंवा वस्तीने आपापली बैठक घ्यायची, नाव ठरवायचं आणि हजर असलेल्यांच्या सह्या-अंगठ्यांचा कागद द्यायचा. गेलेल्या माणसाने आठ दिवसांत परत येऊन काय ठरलं ते सांगायचं. नाही सांगितलं तर गटाने दुसरं नाव द्यायचं. याला पैसा लागत नाही, एक वही आणि एक संध्याकाळ लागते.

आता घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीमुळे १९९३ पासून ग्रामसभेला घटनेचा आधार आहे. काकांकडे यातलं काही नव्हतं, त्यांना घरोघर फिरून सह्या आणाव्या लागल्या. ग्रामसेवक भाऊसाहेबांना आणि सरपंचांना माझी विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेची नोटीस काढाल तेव्हा दवंडी वस्तीवरही जाऊ द्या. आणि सभा झाली की वहीतल्या सह्या मोजून झाल्यावर कोणत्या वस्तीची, कोणत्या गटाची एकही सही नाही, तेही त्याच पानावर खाली लिहून ठेवा.